पथ्याची चिठ्ठी आणि रेशनची पावती

पांडुरोगाच्या एका रुग्णेला आम्ही पथ्याची चिठ्ठी लिहून दिली होती. जुने तांदूळ, मुगाचे कढण, ज्वारीची भाकरी, गाईचे दूध, मनुका, डाळिंब असा तो नेहमीचा मजकूर. महाविद्यालयात शिकलो तसाच आणि गेली वीस वर्षे लिहीत आलो तसाच. पंधरा दिवसांनी बाई परत आल्या. पुनर्नवा मंडूर त्यांनी नियमाने घेतला होता. चिठ्ठीतले मात्र एकही पाळले गेले नव्हते. आम्ही किंचित रागावून कारण विचारले, तेव्हा त्यांनी पिशवीतून दोन कागद काढून टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. एक आमची चिठ्ठी. दुसरी रास्त भाव दुकानातील यंत्रातून निघालेली पावती. चार माणसांच्या नावावर गहू व तांदूळ मिळून वीस किलो. "डॉक्टरसाहेब, ह्या दोन कागदांचा एक कागद करून द्या," एवढेच त्या म्हणाल्या.

त्या दिवशी तो एक कागद आम्हांस करता आला नाही. वैद्यबंधूंपुढे आज हा विषय मांडण्याचे कारण तेच.

आपल्या दवाखान्यात येणाऱ्या बहुसंख्य रुग्णांचा आहार आपण ठरवत नाही, शिधापत्रिका ठरवते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला आणि २०१४च्या फेब्रुवारीपासून महाराष्ट्रात लागू झाला. राज्यातील सुमारे सात कोटी लोक त्याच्या कक्षेत येतात. प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्य हा त्यांचा हक्क आहे. आरंभी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असा दर होता. १ जानेवारी २०२३पासून हे धान्य विनामूल्य झाले. ज्यांना पथ्याची सर्वाधिक गरज आहे, तोच हा वर्ग.

या व्यवस्थेचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. १९७२च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारी वृद्ध मंडळी आजही दवाखान्यात येतात. दुष्काळी कामावरची सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो यांवर ती पिढी जगली. पुढे २००१ साली गोदामे भरलेली असताना माणसे उपाशी राहतात, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि त्यातून अन्नाचा हक्क ही कल्पना रुजली. आज 'घरात दाणा नाही' असे सांगणारा रुग्ण आमच्याकडे क्वचितच येतो. हे थोडे यश नव्हे.

तथापि भूक भागणे आणि पोषण होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे वैद्याला तरी सांगावयास नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये रक्ताल्पतेचे प्रमाण ५४.२ टक्के आढळले. त्याआधीच्या फेरीत ते ४८ टक्के होते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत ते ६८.९ टक्के होते. म्हणजे अन्न सुरक्षा कायदा लागू झाल्यानंतरच्या काळात पांडुरोग घटला नाही, वाढला. त्याची कारणे अनेक असतील, सगळा दोष धान्यावर टाकता येणार नाही. परंतु धान्याकडे पाहिल्यावाचूनही चालणार नाही.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ आयतने सांगितली, त्यांत 'राशि' हे एक. राशीचे पुन्हा दोन प्रकार: सर्वग्रह आणि परिग्रह. सर्वग्रह म्हणजे एकूण आहाराचे माप. परिग्रह म्हणजे त्यातील एकेका द्रव्याचे, भात किती, डाळ किती, स्नेह किती, याचे माप. कायद्याने सर्वग्रह पाहिला आणि परिग्रह सोडून दिला, असे आमचे स्पष्ट मत आहे. माणशी ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम एकदल धान्य. त्यात शमीधान्याचा एक दाणा नाही. गहू आणि तांदूळ यांचे आपसांतील प्रमाणही रुग्णाच्या अग्नीप्रमाणे किंवा ऋतूप्रमाणे नव्हे, तर सरकारी साठ्याप्रमाणे बदलत राहते.

दुसरा मुद्दा देशसात्म्याचा. मराठवाडा, सोलापूर, नगर हा सारा टापू ज्वारी-बाजरीचा. कोकण आणि सह्याद्रीच्या माथ्यावरच्या वाड्या-पाड्या नाचणी-वरीच्या. येथील माणसाचा कोठा पिढ्यान् पिढ्या या धान्यावर घडला. रेशनच्या स्वस्त गहू-तांदळाने शेतातील ज्वारीला दोन बाजूंनी मारले. खाणाऱ्याला ती महाग वाटू लागली आणि पिकवणाऱ्याला परवडेनाशी झाली. रान सोयाबीनकडे आणि उसाकडे गेले. कडब्यापुरती ज्वारी पेरणारे शेतकरी आम्ही पाहतो. पूर्वी चपाती पाहुण्यासाठी होत असे आणि भाकरी रोजची असे. आज बाजारात ज्वारीचा भाव गव्हाच्या वर जातो, आणि भाकरी शहरातील मधुमेही श्रीमंताच्या ताटात आढळते. असात्म्य सोडून सात्म्याकडे येणे असो वा उलट, ते चतुर्थांशाने, पादांशिक क्रमाने व्हावे असे शास्त्र सांगते. येथे एका पिढीत ताट बदलले, आणि बदल कोणी वैद्याने सुचविलेला नव्हता.

याचा अर्थ ज्वारी सर्वांस पथ्य, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. ती रूक्ष आहे, वात वाढविणारी आहे; कृश बालकाला केवळ भाकरीवर ठेवणारा वैद्य चूक करील. भाकरीसोबत तेलाची धार, डाळ, ताक ही जोड पूर्वीच्या घरात असे, म्हणून ती पचे. सध्या धान्य पिशवीतून येते आणि जोड विकत आणावी लागते, आणि ती नेमकी परवडत नाही.

आश्चर्य म्हणजे कायद्यात ज्वारी-बाजरीला मज्जाव नाही. भरड धान्याचा १ रुपया दर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतच लिहिलेला होता. वितरणातील वस्तूंचे प्रकार कालांतराने वाढवावेत, हेही सुधारणांच्या कलमात नमूद आहे. कर्नाटकाने उत्तर भागात ज्वारी आणि दक्षिण भागात नाचणी रेशनवर दिली आहे. ओडिशाने २०१७ साली भरड धान्यांचे अभियान सुरू करून आदिवासी भागातील नाचणी हमीभावाने घेतली व ती रेशनवर वाटली. तामिळनाडू २००७पासून तूरडाळ सवलतीत देत आले आहे. छत्तीसगडने २०१२च्या आपल्या कायद्यातच कडधान्याची तरतूद केली. आपल्याकडे काय झाले? हमीभावाने खरेदी केलेली ज्वारी काही जिल्ह्यांत, काही महिने, रेशनवर आली. अवकाळी पावसात काळी पडलेली खरिपाची ज्वारी हातात पडली की लोक नाके मुरडतात, आणि मग 'लोकांना ज्वारी नकोच आहे' असा निष्कर्ष काढला जातो. लोकांना नको होती ती बुरशी.

येथे एका जुन्या गोष्टीची आठवण होते. २००७ साली राज्याने धान्यापासून मद्यार्क तयार करण्यास प्रोत्साहन देण्याचे धोरण आणले, त्यावर पुढे मोठा वाद झाला. ज्वारी-बाजरीला गिऱ्हाईक मिळेल असे तेव्हा सांगितले गेले. मद्यवर्ग आम्हां वैद्यांस परका नाही, आसव-अरिष्टांवर आपल्या फार्मसी चालतात. तरीही ज्या ज्वारीसाठी भट्टीचा विचार आधी सुचतो आणि चुलीचा नंतर, तिच्याविषयी वैद्यवर्गाने तेव्हाच बोलावयास हवे होते. आमच्यापैकी फार थोडे बोलले. आम्हीही बोललो नाही.

साठवणुकीची अडचण खरी आहे, ती मान्य केली पाहिजे. भरड धान्य गहू-तांदळाइतके टिकत नाही, ते खरेदीनंतर काही महिन्यांतच वाटावे लागते. म्हणून ते जिल्ह्यातच घेऊन जिल्ह्यातच वाटणे शहाणपणाचे. (एक वर्ष जुने धान्य लघु व प्रशस्त, हे आपले वचन सांगून एका धान्य दुकानदाराने आमची फिरकी घेतली होती: "मग आमचा तांदूळ तर तुमच्या शास्त्राप्रमाणे पथ्यच की!" कोरड्या कणगीत मुरलेले जुने आणि ताडपत्रीखाली भिजलेले जुने यांतील फरक त्यालाही ठाऊक होता, तोही हसला, आम्हीही हसलो.)

शासनाने रक्ताल्पतेवर दुसरा उपाय योजला, पोषणतत्त्व गुणसंवर्धित तांदळाचा. २०२१च्या स्वातंत्र्यदिनी त्याची घोषणा झाली आणि २०२४च्या मार्चपर्यंत रेशनवरचा तांदूळ टप्प्याटप्प्याने तसा झाला. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून केलेला एक दाणा साध्या शंभर दाण्यांत मिसळावयाचा, अशी ती योजना. हे दाणे पाण्यावर तरंगताना पाहून 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून निवडून फेकणाऱ्या अनेक गृहिणी आम्हांस भेटल्या. ते प्लास्टिक नव्हे, फेकू नका, हे सांगणे वैद्याचे कर्तव्य आहे आणि ते आपण केले पाहिजे. परंतु ज्या ताटात डाळ नाही, भाजी नाही, त्या ताटातील भातातच लोह घालणे हा परिग्रहाचा प्रश्न टाळण्याचा मार्ग वाटतो. अग्नी मंद असताना केवळ लोह देऊन पांडू बरा होत नाही, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे.

जाता जाता अंगठ्याविषयी. हाताला विचर्चिका झालेले एक शेतमजूर आमच्याकडे आले. खाज, स्राव यांची तक्रार त्यांनी केलीच नाही. "मशिनीला अंगठा कळंल असं मलम द्या," ही त्यांची मागणी होती. ठसा न जुळल्यास पर्यायी मार्गाने धान्य द्यावे अशा सूचना आहेत, त्या त्यांना कोणी सांगितल्या नव्हत्या. रुग्णाला मलमाबरोबर ही माहिती देणे हेही चिकित्सेतच मोडते, असे आम्ही त्या दिवसापासून मानू लागलो.

हे राजकारण आहे, वैद्याने औषधापुरते पाहावे, असे काही ज्येष्ठ म्हणतील. त्यांना विमानस्थानाचा तिसरा अध्याय पुन्हा वाचण्याची नम्र विनंती. जनपदोद्ध्वंसाचे मूळ सांगताना आत्रेयांनी राज्यकर्त्यांच्या वर्तनापर्यंत मजल नेली आहे, औषधापाशी ते थांबले नाहीत.

मग आपण करावयाचे काय? पहिली गोष्ट आपल्या हातातील आहे: चिठ्ठी बदलणे. त्या रुग्णेसाठी अखेरीस आम्ही जो कागद केला तो असा. रेशनचा तांदूळ कोरडा भाजून, मग धुऊन शिजवावा. त्याने तो हलका होतो. रात्री भाताऐवजी पेज. गव्हाचे पीठ जाडसर दळावे, चाळू नये. महिन्याला एक किलो मूग एवढीच विकत घेण्याची वस्तू. तो निम्मा मोड आणून, निम्मा कढणासाठी. डाळिंबाच्या जागी आवळा, हंगामात. एरवी त्याची वाळवलेली फोड. मनुका काढून टाकल्या. शेवगा दारात होताच, त्याचा पाला चिठ्ठीत आला. चिठ्ठी दिसावयास फार साधी झाली. पण पुढच्या खेपेस बाईंनी ती पाळलेली होती.

फार्मसीमालक बंधूंनाही एक प्रश्न. नाचणी सत्त्वाचे, सातूच्या पिठाचे डबे आपल्या कपाटात आहेत आणि ते चांगले खपतात. ती नाचणी पिकवणारा पाडा आज स्वतः काय खातो, हे एकदा विचारून पाहावे. खरेदी थेट तेथून केली, तर निदान तेथे ती पेरली तरी जाईल.

दुसरी गोष्ट संघटनेने करावयाची. २०२२च्या दिवाळीत राज्य शासनाने 'आनंदाचा शिधा' म्हणून रवा, हरभराडाळ, साखर आणि पामतेल शंभर रुपयांत रास्त भाव दुकानांतून दिले. म्हणजे ट्रक जातो, पोती उतरतात, दुकानदार वाटतो. सणाला साखर आणि पामतेल पोचू शकते, तर दरमहा माणशी अर्धा किलो मूग किंवा हरभरा का पोचू नये? आणि ज्वारी-बाजरी-नाचणीच्या टापूत ५ किलोंपैकी दीड-दोन किलो तेथलेच धान्य का असू नये? संपूर्ण बदल आम्ही मागत नाही. पादांशिक क्रमानेच मागतो.

या मागणीचे निवेदन अन्न व नागरी पुरवठा खात्यास द्यावे, असा ठराव आम्ही येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहोत. नुसत्या संहितेच्या आधारावर ते निवेदन उभे राहणार नाही. म्हणून सभासदांना विनंती, की सभेपर्यंत आपल्या दवाखान्यातील पांडू आणि प्रमेह यांच्या प्रत्येकी दहा रुग्णांना रेशनची पावती घेऊन बोलवावे. महिन्याला काय मिळाले, त्यातले काय खाल्ले, काय विकले, काय विकत आणले, एवढे चार रकाने भरून आणावेत. रुग्णाचे नाव लिहू नये. तालुका मात्र अवश्य लिहावा.