आधारचौकटीचे कुळ आणि मूळ

मृदू ऊतींच्या पुनर्रचनेसाठी वनस्पतिज बहुशर्करांची सच्छिद्र हायड्रोजेले सिद्ध करण्याकडे आपल्या क्षेत्रातील संशोधकांचा ओढा वाढत आहे, आणि तो अकारण नाही. कॅनडातील ओटावा येथे अँड्र्यू पेलिंग यांच्या प्रयोगशाळेने २०१४ साली सफरचंदाच्या मूळ पेशी धुऊन काढून उरलेल्या सेल्युलोजच्या चौकटीत सस्तन प्राण्यांच्या पेशी वाढविल्या, तेव्हापासून या मार्गाची शक्यता सर्वमान्य झाली. केशवाहिनीपासून सुमारे २०० मायक्रोमीटरहून अधिक दूर पडलेल्या पेशीस प्राणवायू अपुरा पडतो, म्हणून छिद्रे परस्परांत उघडणारी असली पाहिजेत. आणि जेल सावकाश गोठविल्यास हिमस्फटिक, व पर्यायाने छिद्रे, मोठी होतात, हेही आपण अनुभवाने जाणतो.

परंतु छिद्रांच्या मोजमापात आपण जितके दक्ष आहोत, तितके कच्च्या मालाच्या बाबतीत नाही. जे वनस्पतिज ते निरुपद्रवी, ही समजूत शास्त्राला मान्य होणारी नव्हे. सेल्युलोजचे विघटन करणारे विकर मानवी शरीरात नाही. बहुतेक वनस्पतिज बहुशर्करांवर आपल्या पेशींना पकड घेण्याजोगी स्थाने नसल्याने पेप्टाइड जोडावे लागते. आणि निर्जंतुकीकरणाच्या उष्णतेने त्यांच्या साखळ्या तुटून जेलचे बळ उतरते. कांडोळाच्या खोडाला चीर दिल्यावर पाझरणारा डिंक पहा: त्यावरील ॲसिटिल गटांमुळे तो पाण्यात विरघळण्याऐवजी फुगतो, ते गट काढून टाकले तर विरघळू लागतो, आणि साठवणीत जुना होताना ते आपोआप सुटून ॲसेटिक आम्लाचा वास येतो. तेव्हा डिंक कोणत्या झाडाचा, कोणत्या ऋतूतला व किती दिवसांचा, हे ठाऊक नसताना त्यापासून केलेल्या दोन जेलांची तुलना कशाच्या आधारे करावयाची?

या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्याने मावळ तालुक्यातील खंडाळ्याकडे पहावे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर सांतापाव यांनी घाटमाथ्याच्या या परिसरातील वनस्पतींची जी सूची सिद्ध केली, ती १९५३ साली भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या नोंदग्रंथात प्रसिद्ध झाली. एका मर्यादित भूभागातील वनस्पती एकेक करून ओळखून नोंदविण्याची ती शिस्त आता प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आली पाहिजे. लोणावळ्यापासून तळेगावापर्यंतच्या पट्ट्यातून, किंवा अन्य कोठूनही, नमुना घेणाऱ्याने वनस्पतीची खातरजमा करून वाळविलेला नमुना जपावा. स्थळ, महिना, शुद्धीकरणाची रीत, रेणुभार आणि एंडोटॉक्सिनची पातळी यांचा तपशील दप्तरी ठेवावा. बेसुमार चिरा घेऊन झाड मारू नये, आणि जैवविविधता अधिनियम, २००२ मधील तरतुदी कामाच्या आरंभीच पाहाव्यात.

ज्या लेखात हा तपशील नसेल, त्याचे निष्कर्ष कितीही मोहक असले तरी त्यांची पुनरावृत्ती करता येणार नाही. आणि ज्याची पुनरावृत्ती होत नाही, ते रुग्णाच्या देहात ठेवण्याचा अधिकार आपणास पोचत नाही. म्हणून आमची आग्रहाची विनंती अशी की, छिद्रांच्या छायाचित्राआधी वनस्पतीचा दाखला देण्याचा प्रघात प्रत्येक लेखकाने याच वर्षी आपल्या कामापासून सुरू करावा.