लाख रुपये देऊन जुनी आरएक्स १०० घ्यावी का? उत्तर आरसी बुकात आहे

अमेरिकेत जुन्या मस्टँगचं जे वेड आहे, ते आपल्याकडे आरएक्स १०० चं आहे. चाळीसगावच्या स्टेशन रोडवर तो टू-स्ट्रोकचा आवाज आला की आजही माना वळतात. चकाचक करून ठेवलेल्या गाडीसाठी लाखाच्या वरचे आकडे सांगितले जातात. मग एवढे पैसे घालावेत का?

आधी गाडी एवढी गाजली का, ते बघू.

१९८५ साली एस्कॉर्ट्सने यामाहासोबत ही गाडी भारतात आणली. ९८ सीसीचं इंजिन, ११ हॉर्सपॉवर आणि वजन शंभर किलोच्या थोडंसं वर. टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेरीला पेटतं, फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांतून एकदा. म्हणून एवढ्याशा इंजिनात ती ओढ. पण त्याच रचनेमुळे न जळलेलं पेट्रोल आणि तेल धुरातून बाहेर पडतं. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि १९९६ मध्ये आरएक्स १०० बंद झाली.

म्हणजे सगळ्यात नवी आरएक्स १०० सुद्धा आज तिशीच्या घरात आहे. खरी मेख इथेच आहे.

तिशीतल्या गाडीला कायदा काय म्हणतो?

१५ वर्षं झाली की गाडी भंगारात, हा समज दिल्लीच्या बातम्यांमुळे पसरलाय. महाराष्ट्रात खासगी दुचाकीला तसा सरसकट नियम नाही. १५ वर्षांनी आरटीओत तपासणी करून नोंदणी पुढच्या ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. पुढेही दर ५ वर्षांनी तेच.

फक्त ते आता महाग झालंय. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांवरच्या दुचाकीची नूतनीकरण फी २,००० रुपये केली. पर्यावरण कर वेगळा. नूतनीकरणाला उशीर झाला तर महिन्याला ३०० रुपये जादा, म्हणजे तीन वर्षांच्या उशिराचे १०,८०० रुपये. शिवाय हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, तिचे जीएसटी धरून ५३१ रुपये.

‘पण ही तर व्हिंटेज गाडी आहे ना?’ कायद्याच्या भाषेत नाही. २०२१ च्या नियमानुसार व्हिंटेज नोंदणी ५० वर्षांवरच्या आणि मूळ रूपातल्या गाडीलाच मिळते. पहिल्या आरएक्सलाही त्यासाठी २०३५ पर्यंत थांबावं लागेल.

गाडी बघायला गेलात तर काय तपासाल?

एक, एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. नोंदणी कधीपर्यंत आहे ते दिसेल. गाडीची नोंद ऑनलाइन सापडतच नसेल, तर ती करून देण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाका आणि तोवर पूर्ण पैसे देऊ नका.

दोन, चेसिस आणि इंजिनवरचा नंबर स्वतः वाचून बुकाशी जुळवा. एका गाडीचं बुक आणि दुसऱ्या गाडीचा सांगाडा निघाला तर गाडी जप्त होऊ शकते आणि चौकशी तुमच्या मागे लागते.

तीन, नंबरप्लेटचा काळ बघा. एमएचने सुरू होणारे नंबर १९८९ पासूनचे. १९८७ च्या गाडीवर एमएच १९ दिसलं तर नंबर का बदलला, ते विचारा. चाळीसगावला एमएच ५२ हा क्रमांक तर अलीकडेच मिळालाय. तो आरएक्सवर दिसला तर गाडी परराज्यातून आली असू शकते. आधीचे कागद मागा.

चार, सायलेन्सर बघा. रील्समध्ये भारी वाटणारा बदल कायद्याने गुन्हा ठरू शकतो. नियमबाह्य फेरफाराला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

पाच, फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करून घ्या. हे विकणाऱ्याच्याही फायद्याचं आहे. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. सह्या केलेले कोरे फॉर्म ठेवून वर्षानुवर्षं गाडी फिरवणं दोघांनाही महागात पडू शकतं.

रोजच्या वापराला चालेल का?

खरं सांगायचं तर अवघड आहे. तेलाचा खर्च वेगळा आणि मायलेज आजच्या १०० सीसी गाडीपेक्षा बरंच कमी. त्यात आपल्याकडे कन्नडचा घाट आहे. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग कमी, त्यामुळे उतारावर सगळा भार ब्रेकवर येतो, आणि मूळ आरएक्सला दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. शिवाय तिचा तेलाचा पंप ॲक्सिलरेटरशी जोडलेला असतो. ॲक्सिलरेटर सोडून लांब उतार उतरलात तर इंजिनला तेल कमी पोचतं. जाणकार म्हणूनच मध्ये मध्ये हलकी रेस देतात.

मग घ्यायची की नाही?

घरात रोजची दुसरी गाडी आहे, आरसी चालू आहे, नंबर जुळतात आणि दुरुस्तीसाठी हाताशी पैसे आहेत, तर घ्या. पिस्टन बदलता येतो, सिलिंडर बोअर करता येतो, रंग तर कुठेही मारून मिळतो. पण संपलेली किंवा खोटी नोंदणी कोणत्याच मिस्त्रीकडे दुरुस्त होत नाही. कॉलेजला जायला एकच गाडी हवी असेल आणि त्यासाठी कर्ज काढावं लागणार असेल, तर हा सौदा सोडून द्या.

आणि विकणारा ‘कागद नंतर बघू’ म्हणाला, तर तुम्हीही ‘पैसे नंतर बघू’ म्हणा.