धावणाऱ्यांचे पाय आणि वाचणाऱ्यांची मते

अलीकडे आमच्या सुशिक्षित कुटुंबांत लांब पल्ल्याच्या धावण्याविषयी वाचण्याची आवड वाढली आहे. ही आवड स्तुत्य होय. परंतु एखादे पुस्तक वाचून धावणारा जायबंदी का होतो याचा निकाल आरामखुर्चीतून देण्याची जी घाई दिसते, तिजविषयी चार शब्द स्पष्ट बोलणे आम्हांस प्राप्त आहे.

या मतांचा उगम बहुधा ख्रिस्तोफर मॅकडुगल यांच्या २००९ सालच्या ‘बॉर्न टू रन’ या ग्रंथात सापडतो. मेक्सिकोतील ताराहुमारा लोक साध्या वहाणा घालून डोंगरदऱ्यांतून कोसचे कोस धावतात. तेव्हा आपल्या दुखण्यास जाड तळाचे बूटच कारण, असा त्याचा सूर आहे. पुढच्याच वर्षी हार्वर्डचे डॅनियल लीबरमन यांनी ‘नेचर’मध्ये दाखविले की, अनवाणी धावणारे बहुधा पावलाचा पुढचा भाग आधी टेकतात व त्यामुळे जमिनीचा धक्का कमी बसतो. झाले! धक्का कमी म्हणजे इजा कमी, असा अर्थ वाचकांनी परस्पर लावला; निबंधात तसे सिद्ध केलेले नव्हते.

परिणाम काय झाला? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात पातळ बुटांकडे वळलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक जणांच्या पावलांच्या हाडांत दहा आठवड्यांत सूज वाढलेली आढळली. असे बूट विकणाऱ्या व्हायब्रम कंपनीने, जाहिरातींतील दावे निराधार असल्याच्या फिर्यादीत, दोष मान्य न करता २०१४ साली साडेसदतीस लाख डॉलरांची तडजोड केली. जाड बुटांचे कैवारीही यामुळे निर्दोष ठरत नाहीत. अमेरिकन सैन्याने काही रंगरुटांना पावलाच्या कमानीप्रमाणे निवडून बूट दिले, इतरांना सरसकट एकाच जातीचे. इजांच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

कोणी म्हणेल, १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी पाहूनच दोराबजी टाटांना ऑलिंपिकची कल्पना सुचली ना? आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले ना? आले, परंतु शेतकऱ्याचे पाय जन्मभराच्या चालण्याने घडलेले असतात. त्यांचे बळ अनवाणीपणाचे नव्हे, वर्षांचे होय.

खरे मर्म येथेच आहे. व्यायामाने दम आधी वाढतो; हाड मात्र सावकाश तयार होते. ताण पडला की शरीर हाडाचा जुना अंश आधी काढून टाकते व मग नवा भरते. मधल्या काही आठवड्यांत ते हाड उलट दुबळे असते. नेमक्या त्याच वेळी दम टिकू लागला म्हणून धावणारा पल्ला दुप्पट करतो, आणि नडगी दुखू लागते. दुखणे अंगावर काढले तर हाडास तडाही जातो.

हा वाद केवळ दिवाणखान्यातला असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु वरणगावास पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेने धावणारी मुले पाहावीत. पोलीस भरतीस मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, राज्य राखीव दलास पाच किलोमीटर धावावे लागते. जाहिरात निघेपर्यंत अभ्यासिकेत बसलेला मुलगा दुसऱ्या दिवसापासून कडक रस्त्यावर रोज ऊर फुटेपर्यंत धावतो. महिन्याभराने लंगडू लागला की घरचे कर्ज काढून महागडे बूट आणतात, किंवा कोणी वाचनपंडित त्यास बूट फेकून देण्याचा उपदेश करतो. विश्रांती घे, असे मात्र कोणी सांगत नाही. आमच्या वर्गातील मुलाचा पाय दुखला तर त्याचा छंद सुटतो. त्या मुलाची नोकरी, आणि पुष्कळदा वयाची अट, हातची जाते.

म्हणून पालकांस व शिक्षकांस आमचे सांगणे एवढेच: जाहिरातीची वाट न पाहता सहा महिने आधी मुलांस मातीच्या मैदानावर आणा, पल्ला हळूहळू वाढवा, आठवड्यातून दोन दिवस सक्तीने विसावा द्या, आणि एकाच जागी टोचणारे दुखणे दिसताच धावणे थांबवून वैद्यास दाखवा. या उपदेशात विकण्याजोगे काही नाही. म्हणूनच तो कोणी छापीत नसावा.