देव सहा महिने उखीमठात असतो

केदारनाथला जायचं की नाही, हे मी आता ठरवून टाकलं आहे. त्याआधीची काही वर्षं ज्या घोळात गेली, तो घोळ माझ्या एकटीचा नाही. चिपळूणमध्ये साठी ओलांडलेल्या आम्ही बायका एकत्र जमलो की बारा ज्योतिर्लिंगांपैकी कुणाची किती झाली, हा विषय निघतोच. महाराष्ट्रातली पाच बहुतेकींची झालेली असतात. सोमनाथ, रामेश्वरही होतं. गाडी अडते ती केदारनाथाशी.

माझ्या मनात केदारनाथ भरवला तो आत्याने. सत्तरच्या दशकात ती गौरीकुंडापासून पायी चढून गेली होती. देवळाबद्दल ती दोन वाक्यांत आटपायची. रंगून बोलायची ती वाटेबद्दल. गौरीकुंडाच्या गरम पाण्यातली अंघोळ, मंदाकिनीच्या काठाकाठाने चढणारी पाऊलवाट आणि अर्ध्यावर रामबाडा. तिथे चुलीपुढे बसून लुगड्याचा भिजलेला काठ वाळवायचा, चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बोटांत जीव आणायचा आणि पुन्हा चढाला लागायचं. पुढे मी शाळेत भूगोल शिकवायला लागले. फळ्यावर हिमनदी आणि हिमोढ काढून दाखवताना माझ्या डोळ्यांपुढे मात्र आत्याची ती वाट असायची.

रामबाडा आज नाही. १६ आणि १७ जून २०१३ या दोन दिवसांत तो नकाशावरून गेला. धो धो पाऊस आणि वितळतं बर्फ यांनी देवळाच्या वरच्या अंगाचा चोराबाडी तलाव तुडुंब भरला, त्याला अडवून धरणारा हिमोढाचा बांध फुटला आणि दगडधोंडे घेऊन पाणी खालच्या वस्तीवर आलं. हजारो माणसं गेली. देवळामागे येऊन थांबलेल्या आणि देऊळ वाचवणाऱ्या भीमशिळेला, त्या अजस्र दगडाला, लोक आता हात जोडतात. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. मंदाकिनीचा एक जुना प्रवाह देवळाच्या पूर्वेकडून वाहत असे. नदीने तो सोडला होता आणि त्या पात्रात माणसांनी बांधकामं केली होती. त्या पुरात नदी पुन्हा तिथूनच गेली.

२२ जुलै २०२१ ला आमच्या वाशिष्ठी नदीचं पाणी घरात शिरलं. ते ओसरल्यावर कपाटांच्या खणांतून, गाद्यांतून, देवघरातल्या ताम्हणातून आम्ही गाळ उपसत होतो. त्यानंतर चिपळूणमध्ये निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे नदीकाठी कुठवर बांधू नये ते सांगणाऱ्या रेषा, हे शब्द पोराटोरांच्या तोंडी आले. केदारनाथची बातमी म्हणूनच मला परक्या मुलखातली वाटत नाही.

केदारनाथ पुन्हा उभं राहिलं. रामबाड्यापासून वाट मंदाकिनीच्या पलीकडच्या तीरावर नेली, लिंचोलीवरून. पूर्वी १४ किलोमीटरची चाल होती, ती आता साधारण १६ झाली. देवळासमोर रुंद दगडी रस्ता झाला, वस्तीच्या मागे संरक्षक भिंती आल्या. आत्याने पाहिलेलं काही राहिलं नाही म्हणून जाऊ नये, असं माझं अजिबात म्हणणं नाही. तिथल्या घोडेवाल्यांना, डोलीवाल्यांना, दुकानदारांना धड रस्ता आणि मजबूत भिंत मिळाली पाहिजे. माझ्या आठवणीतलं चित्र जपण्यासाठी त्यांनी पडक्या वाटेवर जीव धोक्यात का घालावा?

माझी अडचण गर्दीची आहे, आणि त्या गर्दीत मीही मोजली जाणार आहे. २०२३ च्या हंगामात १९ लाखांहून जास्त यात्रेकरू केदारनाथला गेले. देऊळ ३,५८३ मीटरवर आहे आणि वर्षातून जेमतेम सहा महिने उघडं असतं. दोन कड्यांमधल्या अरुंद खोऱ्यातून, तिथल्या अभयारण्याच्या डोक्यावरून, हेलिकॉप्टर घिरट्या घालत असतात. १५ जून २०२५ ला गौरीकुंडाजवळ त्यातलं एक कोसळलं. सात जण गेले, त्यांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली माणसं होती. ३१ जुलै २०२४ च्या ढगफुटीत भीमबली-लिंचोलीची वाट पुन्हा तुटली आणि हजारो लोकांना सोडवून आणावं लागलं. हे २०१३ च्या नंतरचं आहे, हे लक्षात घ्या.

आता सोनप्रयाग ते केदारनाथ १२.९ किलोमीटरचा रोपवे होणार आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ४,०८१ कोटींच्या या कामाला मंजुरी दिली. आठ-नऊ तासांचा प्रवास ३६ मिनिटांत होणार आणि तासाला एका दिशेने १,८०० माणसं जाणार. गुडघे गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला देव दिसावा, हे मलाही हवं आहे. पण ३६ मिनिटांत त्या विरळ हवेत उतरलेल्या देहाचं काय होईल, आणि वर तासागणिक येणाऱ्या माणसांचं पाणी, मैला, कचरा कुठे जाईल, याचं उत्तर खांब रोवायच्या आधी द्यायला हवं. खोऱ्याला दिवसाला किती माणसं पेलतील तो आकडा भूगर्भतज्ज्ञांनी काढावा आणि रोपवे त्या आकड्याच्या आत चालवावा. यात्रेकरू वाढले की तो आकडा वाढवायचा, असं चालणार नाही.

भाच्याने माझ्यासाठी हेलिकॉप्टरची चौकशी करून ठेवली होती. सकाळी वर, दुपारी खाली. त्याची माया मला कळते. मी नको म्हटलं आणि त्याला उखीमठाबद्दल सांगितलं.

भाऊबीजेला केदारनाथची कपाटं, म्हणजे देवळाची दारं, बंद होतात. पंचमुखी उत्सवमूर्ती डोलीत बसते आणि पायी खाली निघते. एक मुक्काम रामपूरला, दुसरा गुप्तकाशीला आणि तिसऱ्या दिवशी उखीमठाचं ओंकारेश्वर मंदिर. सगळा हिवाळा केदारनाथाची पूजा तिथेच होते. वरच्याच डोंगरातल्या मध्यमहेश्वर देवाचा हिवाळाही तिथेच असतो. उखीमठ साधारण १,३०० मीटरवर आहे, गाडी थेट जाते, रोज स्वयंपाक करणारी, गुरं राखणारी माणसं तिथे बारा महिने राहतात. ज्यांनी ही रीत घातली त्यांना डोंगर कळत होता. बर्फाच्या महिन्यांत वरची जागा मोकळी सोडायची आणि देवाने माणसांत येऊन राहायचं, यात कमीपणा कुणालाच वाटला नाही. मग उखीमठाचं दर्शन आपण दुय्यम का समजतो? आपल्याकडच्या यात्रा कंपन्यांनी हिवाळ्यातल्या या दर्शनाच्या सहली मनापासून काढाव्यात. हिवाळ्यात रिकाम्या पडणाऱ्या तिथल्या घरगुती मुक्कामांनाही चार पैसे मिळतील.

ज्यांना वर जायचंच आहे आणि पाय साथ देतात, त्यांनी जरूर जावं. पाऊस सरल्यावर, चालत, वाटेत एक मुक्काम करून.

मी महाशिवरात्रीला उखीमठात असेन. केदारनाथची कपाटं कधी उघडणार ती तारीख त्या दिवशी ओंकारेश्वराच्या मंदिरात जाहीर होते. ती मला तिथे उभी राहून ऐकायची आहे. भाच्याला हरिद्वारचं तिकीट काढायला सांगितलं आहे, आणि तोही येतो म्हणाला आहे.