नरक्या, नंदुरबार आणि बजेटमधलं औषध

सह्याद्रीतल्या एका झाडात कॅन्सरचं औषध आहे, हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे. बॉटनी, केमिस्ट्री, फार्मसी, बायोटेक शिकणाऱ्या तुमच्या-आमच्यासाठी तर फारच.

२३ जुलै २०२४ चा अर्थसंकल्प आठवतोय? त्या दिवशी चर्चा रंगली ती टॅक्स स्लॅबची, सोन्याची आणि मोबाइल स्वस्त होणार का याची. त्याच भाषणात एक छोटी घोषणा होती. कॅन्सरवरच्या तीन औषधांचं आयातशुल्क माफ! पुढे सप्टेंबरमध्ये जीएसटी परिषदेने याच तीन औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणला. औषधांची नावं मात्र एका दमात म्हणता येणार नाहीत अशी: ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकन, ओसिमर्टिनिब आणि ड्युर्व्हालुमॅब.

यातल्या पहिल्या नावाचं शेपूट बघा. ‘टेकन’. औषधांच्या नावांनाही आडनावं असतात. टोपोटेकन, इरिनोटेकन, डेरक्सटेकन ही एकाच घराण्यातली मंडळी. आणि या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे कॅम्टोथेसिन नावाचा एक रेणू. तो पहिल्यांदा सापडला एका चिनी झाडात. पण तो मोठ्या प्रमाणात मिळतो आपल्या महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोलीच्या जंगलात वाढणाऱ्या नरक्यामध्ये. फुलांना असा वास की नाव नरक्या, काही ठिकाणी घाणेरा. गंमत म्हणजे याच झाडाला अमृता असंही म्हणतात.

इथवर वाचून व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड करायचा मोह होईल: ‘आपल्या सह्याद्रीतल्या झाडात कॅन्सरचा इलाज, परदेशी कंपन्या ते लाखोंना विकताहेत!’ जरा थांबा. झाड आणि औषध यांच्यामध्ये किती अंतर असतं ते आधी बघू. मग चिडायचं की नाही आणि चिडायचं तर कोणावर, ते ठरवता येईल.

नंदुरबारचा केमिस्ट

मनसुख वाणी हे नाव किती जणांनी ऐकलंय? जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी., मग अमेरिकेत पीएच.डी. १९६२ मध्ये ते नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर कामाला लागले. त्या काळात अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था जगभरातल्या झाडांचे अर्क गोळा करून कॅन्सरच्या पेशींवर तपासत होती. एक-दोन नाही, लाखाहून जास्त अर्क. बहुतेक सगळे बाद. जे थोडे टिकले त्यात नेमका कोणता रेणू काम करतो, हे शोधणं म्हणजे गवताच्या गंजीतून सुई काढणं. वॉल आणि वाणी यांनी अशा दोन सुया काढल्या. १९६६ मध्ये कॅम्टोथेसिन आणि १९७१ मध्ये टॅक्सॉल. दुसरं नाव ब्रेस्ट कॅन्सर किंवा ओव्हरीच्या कॅन्सरची केमोथेरपी जवळून पाहिलेल्या घरांना माहीत असेल.

१९७२ मध्ये कथा मुंबईत येते. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी दाखवून दिलं, की तोच कॅम्टोथेसिन आपल्या नरक्यातही आहे. म्हणजे झाड आपलं, त्यातला रेणू ओळखणारे आपले, मूळ रेणू शोधणाऱ्या दोघांपैकी एक तर थेट खानदेशातला. मग औषध दुसरीकडे का झालं?

फसलेलं औषध

कारण तोवर औषध झालंच नव्हतं. कॅम्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही, मग सलाइनमधून देणार कसं? शास्त्रज्ञांनी त्याचं सोडियमचं क्षारस्वरूप तयार केलं. ते विरघळलं, रुग्णांना दिलं आणि सत्तरच्या दशकातल्या त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. रेणूतली एक कडी उघडल्यावर तो विरघळत होता, पण ती कडी उघडली की त्याची ताकदही जात होती. उलट मूत्राशयात आम्ल वातावरण मिळालं की कडी पुन्हा बंद व्हायची आणि तिथे रक्तस्राव व्हायचा. त्यातच पांढऱ्या पेशी घसरायच्या. रेणू फायलीत गेला.

तो बाहेर निघाला १९८५ मध्ये. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी शोधून काढलं, की हा रेणू पेशीत नेमकं करतो काय. आपला डीएनए म्हणजे पीळ घातलेला दोरखंड. पेशीला त्याची नक्कल करायची तर पीळ सैल करायला हवा. ते काम टोपोआयसोमरेज-१ नावाचं एन्झाइम करतं. दोरीचा एक पदर कापायचा, पीळ सोडायचा, पदर पुन्हा जोडायचा. कॅम्टोथेसिन या एन्झाइमला नेमकं कापल्यानंतर आणि जोडण्याआधी अडकवून ठेवतो. सतत विभागणाऱ्या कॅन्सरच्या पेशीला हा घाव झेपत नाही.

एकदा ‘कसं’ कळल्यावर ‘काय बदलायचं’ हेही कळलं. केमिस्ट लोकांनी रेणूचा सांगाडा तोच ठेवून फांद्या बदलल्या. त्यातून इरिनोटेकन आलं. जपानमध्ये १९९४ ला, अमेरिकेत १९९६ ला. ते घडवण्यात याकुल्ट कंपनीचा मोठा वाटा होता. हो, तीच छोट्या बाटलीतलं प्रोबायोटिक विकणारी. टोपोटेकनलाही १९९६ मध्येच मंजुरी मिळाली. म्हणजे रेणू सापडल्यापासून औषध मिळेपर्यंत तीस वर्षं.

तेव्हा ‘झाडात कॅन्सरचं औषध आहे’ हे वाक्य तपासून घ्या. झाडात होतं ते विष. नरक्याची साल उकळून पिणाऱ्याचा कॅन्सर बरा होणार नाही, उलट जीवावर बेतेल. पी हळद आणि हो गोरी, असं औषधांच्या दुनियेत होत नाही. मात्र जे फसलं त्याची नोंद नीट ठेवली म्हणून पुढच्यांना रस्ता सापडला, हे खरं.

पत्ता लिहिलेलं पार्सल

गोष्ट १९९६ ला संपली नाही. इरिनोटेकन घेतल्यावर काही रुग्णांना भयंकर जुलाब व्हायचे, पांढऱ्या पेशी धोक्याच्या पातळीखाली जायच्या. काहींना मात्र तोच डोस सहज सोसायचा. का? शरीरात इरिनोटेकनपासून एसएन-३८ नावाचं जास्त जहाल रूप तयार होतं. ते निकामी करून बाहेर टाकण्याचं काम लिव्हरमधलं एक एन्झाइम करतं. त्या एन्झाइमच्या यूजीटी१ए१ या जनुकाचा एक प्रकार ज्यांच्याकडे असतो, त्यांचं हे काम मंद चालतं. २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने औषधाच्या माहितीपत्रकातच ही सूचना घातली. हा जनुकप्रकार भारतीयांमध्येही आढळतो. औषध एकच, पण ते कोणाला किती द्यायचं हे रक्ताच्या चाचणीतून ठरवता येतं. अशा खुणांना बायोमार्कर म्हणतात.

बजेटमधलं औषध याच्याही पुढची पायरी आहे. काही ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींवर हर-२ नावाचं प्रथिन मोठ्या संख्येने असतं. ही त्या पेशीची खूण, म्हणजेच पत्ता. ट्रास्टुझुमॅब ही अँटिबॉडी तो पत्ता शोधते. तिच्या पाठीवर टेकन घराण्यातल्या विषाचे साधारण आठ रेणू बांधलेले असतात. पार्सल पेशीच्या आत गेलं की गाठ सुटते आणि विष मोकळं होतं. पूर्वीची केमोथेरपी गल्लीभर फवारणी करायची, इथे दार बघून बेल वाजवतात.

२०२२ मध्ये शिकागोच्या कर्करोग परिषदेत या औषधाचे निकाल सादर झाले, तेव्हा डॉक्टर उभे राहून टाळ्या वाजवत होते. ज्यांच्या पेशींवर हर-२ अगदी कमी असतं आणि आजार पसरलेला आहे, अशा रुग्णांमध्ये आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ सुमारे ५ महिन्यांवरून जवळपास १० महिन्यांवर गेला होता. लक्षात घ्या, हा ‘इलाज’ नाही. मिळालेला वेळ आहे. त्यातही फुप्फुसांना सूज येण्याचा धोका आहे आणि चाचणीत त्यामुळे काही मृत्यूही झाले. तरीही ज्यांच्या घरात पेशंट आहे, त्यांना पाच महिने म्हणजे काय ते विचारा.

आणि एक सांगायलाच हवं. या पार्सलमधलं विष आता झाडातून काढत नाहीत, ते प्रयोगशाळेत पूर्ण नव्याने घडवतात. सांगाडा मात्र झाडाने दाखवलेलाच आहे.

मग झाडाचं काय?

इरिनोटेकन आणि टोपोटेकन बनवायला झाडातला कॅम्टोथेसिन लागत आलाय. नरक्याच्या कोरड्या लाकडात तो एक टक्काही नसतो. ०.३ टक्के धरला, तरी हजार किलो लाकडातून फार तर तीन किलो, तेही शेवटच्या कणापर्यंत काढता आला तर. म्हणून नरक्या मुळासकट गेला. कोल्हापूर, सिंधुदुर्ग भागात नरक्याची चोरटी तोड पकडल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येताहेत. या साखळीत सगळ्यात कमी पैसा कोणाला मिळतो? जंगलात कुऱ्हाड चालवणाऱ्याला. पकडलं जातं कोण? बहुतेकदा तोच.

टॅक्सॉलच्या बाबतीतही असंच झालं होतं. अमेरिकेतल्या यू वृक्षाची साल सोलली की झाड मरायचं. तिथे शास्त्रज्ञांनी युरोपातल्या यू वृक्षाच्या पानांतून एक पूर्वरेणू काढला आणि त्यापासून औषध घडवलं. पानं पुन्हा येतात, झाड जगतं. पुढे झाडाच्या पेशी टाकीत वाढवूनही टॅक्सॉल मिळू लागलं.

नरक्यासाठी असे प्रयत्न आपल्याकडेही झालेत. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नरक्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून कॅम्टोथेसिन काढण्यावर काम झालं. २००५ मध्ये जम्मूच्या प्रयोगशाळेने नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी वेगळी केली, तीही हा रेणू बनवते. पण अशा बुरशा प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या की त्यांचं उत्पादन घटत जातं. का घटतं, ते कसं थांबवायचं, हे प्रश्न अजून पूर्ण सुटलेले नाहीत. कोणत्या भागातल्या, कोणत्या झाडात रेणू जास्त असतो, हाही प्रश्न आहेच. प्रत्येक झाडात तो सारखा नसतो. जंगलातलं झाडच संपलं तर हे तपासायचं कशावर? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे २००२ पासून जैवविविधता कायदा आहे. गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी, तिने लोकांकडून माहिती घेऊन नोंदवही करावी, व्यापारी वापर झाला तर फायद्याचा वाटा स्थानिकांना मिळावा, हा त्याचा गाभा. २०२३ मध्ये कायदा बदलला आणि १ एप्रिल २०२४ पासून हे बदल लागू झाले. ग्रंथांत नोंदलेल्या पारंपरिक ज्ञानाला आणि लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना वाटा देण्यातून सूट मिळाली. लागवडीला प्रोत्साहन मिळेल, हा त्यातला चांगला भाग. पण झाड शेतातलं की जंगलातलं, हे प्रमाणपत्र देणारी समिती कागदावरच असेल तर? आणि जे ज्ञान ग्रंथात नाही, फक्त जंगलात राहणाऱ्या माणसांच्या डोक्यात आहे, ते नोंदवणार कोण?

मे २०२४ मध्ये जिनिव्हात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्य देशांनी एक करार मंजूर केला. पेटंट मागणाऱ्याने त्यात वापरलेली जैविक सामग्री मुळात कुठली, हे सांगावं, असा त्याचा आशय. भारताने अशा करारासाठी वर्षानुवर्षं आग्रह धरला होता. पण मूळ सांगायचं तर मुळाची नोंद आधी हवी. ती नोंद जिनिव्हात होत नाही. ती चंदगडात, आंबोलीत, कोयनेच्या काठी करावी लागते.

आपलं काम कुठलं?

‘झाड आपलं, औषध त्यांचं’ ही तक्रार पूर्ण खोटी नाही. पण अर्क काढणारा, रेणू वेगळा करणारा, एन्झाइम ओळखणारा, फांद्या बदलणारा, चाचणी घेणारा, दुष्परिणाम नोंदवणारा, जनुक तपासणारा अशी मधली साखळी ज्याची, औषध त्याचं होतं. ती साखळी आपण अर्धवट उभी केली आणि टोकाचा कच्चा माल विकत राहिलो. आयातशुल्क माफ झालं हे रुग्णांसाठी बरंच झालं. पण शुल्क आयातीवरच माफ होतं, हेही विसरू नका.

तुम्ही बॉटनीला असाल तर तुमच्या तालुक्याची जैवविविधता नोंदवही आहे का, ती कोणी आणि कधी भरली, हे विचारा. मायक्रोबायोलॉजीला असाल तर ती रुसणारी बुरशी तुमचा प्रोजेक्ट होऊ शकते. फार्मसीला असाल तर आपल्याकडच्या रुग्णांना औषधाचा कोणता डोस सोसतो, हा प्रश्न परदेशी माहितीपत्रक वाचून सुटत नाही. आणि यातलं काहीच शिकत नसाल, तर पुढच्या वेळी ‘अमुक पाल्याने कॅन्सर गायब’ असा मेसेज आला की एवढंच विचारा: रेणू कोणता, चाचणी कोणावर झाली आणि त्रास कोणाला झाला?

मनसुख वाणी २०२० मध्ये गेले. ते ज्या घराण्याच्या मुळाशी होते, त्यातली नवी औषधं अजून येताहेत. नरक्याची राहिलेली झाडंही अजून उभी आहेत. त्या दोघांच्या मधली जागा रिकामी आहे आणि तिथे भरती चालू आहे.