सफरचंदाचा केक बसतो? दोष कुकरचा नाही, पाण्याचा!

दुधनीच्या बाजारात सफरचंद येतं ते काश्मीर-हिमाचलहून. एवढं लांबून आलेलं महाग फळ टाकून केलेला केक मध्येच बसला, कच्चा राहिला की हळहळ वाटते. मग ‘ओव्हनच हवा होता’ असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही.

सफरचंदात सुमारे 85 टक्के पाणी असतं. कीस तसाच पिठात गेला की पीठ पातळ होतं. आधी कीस पिळा, निघालेला रस दुधाऐवजी वापरा. कुकरची शिट्टी आणि रिंग काढा, तळाला मीठ पसरा, आच मंद ठेवा. (इंजिनिअरिंगला उष्णतेचा पेपर दिला, पण हे आईनेच शिकवलं!) साखरही कमी चालते, फळ गोड असतंच. सुरी कोरडी निघाली की गॅस बंद.