नाव काढून घ्या, नाटक कोंडू नका

नाशिकच्या नाट्यसंस्थांचे पदाधिकारी, दिग्दर्शक, कलावंत आणि रसिकहो,

तालमी रंगात आल्या की एखाद्या संस्थेत कार्यकारिणी आणि दिग्दर्शक यांचं वाजतं. दिग्दर्शक बाहेर पडतो आणि गावात दोन तट पडतात. एकाच्या लेखी तो फुटीर, दुसऱ्याच्या लेखी संस्था हुकूमशहा. कोणाचा स्वभाव कसा, यावर महिनोन्‌महिने चर्चा होते. उभं राहिलेलं नाटक कोणाचं, हे कोणी विचारत नाही. आमचं म्हणणं असं : पटलं नाही तर संस्थेने आपलं नाव काढून घ्यावं, दिग्दर्शकानेही घ्यावं. नाटक कोंडून ठेवण्याचा हक्क मात्र दोघांनाही नाही.

मराठी रंगभूमीवर या भांडणाचा मोठा निवाडा होऊन गेला आहे. विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने रंगमंचावर आणलं. नाना फडणविसांची बदनामी आणि ब्राह्मणांची निंदा झाल्याची ओरड उठली. 19 प्रयोगांनंतर संस्थेचे अध्यक्ष भालबा केळकर यांनी प्रयोग थांबवले. पटेल आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले, 27 मार्च 1973 रोजी त्यांनी थिएटर अ‍ॅकॅडमी स्थापन केली आणि जानेवारी 1974 मध्ये तेच नाटक पुन्हा सुरू झालं. 1980 साली ते युरोपात पोचलं. हे शक्य झालं ते त्या नाटकाच्या घडणीमुळे. नेपथ्य जवळपास नव्हतंच; ओळीने उभी राहणारी, क्षणात भिंत तर क्षणात गर्दी होणारी माणसं हाच पडदा. भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांचं नृत्य त्या माणसांच्या गळ्यात आणि पायांत मुरलेलं. प्रयोग थांबले तेव्हा कुलपात ठेवण्यासारखं संस्थेकडे फारसं काही उरलंच नाही, कारण नाटक कलावंतांच्या अंगात होतं.

म्हणून भालबांना खलनायक करायचं का? निदान नाशिककरांनी तरी नाही. आपल्या वसंत कानेटकरांचं ‘वेड्याचं घर उन्हात’ 1957 मध्ये रंगमंचावर आणलं ते याच संस्थेने, याच भालबांच्या दिग्दर्शनाखाली. आपल्या संस्थेच्या नावाने काय दाखवलं जावं, हे ठरवण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. पण तो अधिकार नावापुरता. राज्य नाट्य स्पर्धेची प्रवेशिका संस्थेच्या नावाने भरली जाते, म्हणून प्रयोगही संस्थेची मालमत्ता ठरतो, हा आपला गैरसमज आहे. संहिता लेखकाची असते. प्रयोग ज्यांनी घाम गाळून बसवला त्यांचा.

यावर विचारलं जाईल, पैसा संस्थेचा, त्याचं काय? रास्त प्रश्न आहे. पोशाख, सामान, तालमीचा खर्च यांचा हिशेब व्हावा, बाहेर पडणाऱ्यांनी तो चुकता करावा. पण देणं फिटल्यावर सावकाराने शेत अडवू नये. दुसरा आक्षेप शिस्तीचा : असं मोकळं रान दिलं तर उद्या कोणीही उठून संच फोडेल. म्हणूनच आमचा नियम दिग्दर्शकालाही तितकाच बांधतो. रुसून एकटा निघालेल्या दिग्दर्शकाने ‘माझ्या हालचाली वापरायच्या नाहीत’ म्हणून उरलेल्या कलावंतांना अडवू नये. पटेल एकटे गेले नव्हते, संच बरोबर गेला होता. तिसरा आक्षेप सर्वांत धारदार : ‘घाशीराम’ गाजलं म्हणून हे शहाणपण, पडलं असतं तर? पडलं असतं तरी ते प्रेक्षकांसमोर पडायला हवं होतं, कार्यकारिणीच्या बैठकीत नव्हे.

आणि त्या जिंकलेल्या लढाईचीही किंमत विसरू नका. चालतं नाटक कित्येक महिने बंद राहिलं. तो संच टिकला. नोकरी, परीक्षा, लग्नकार्य सांभाळून तालमीला येणारा आपला हौशी संच तितके दिवस टिकेल का? म्हणून आमची मागणी साधी आहे. पहिल्या वाचनाच्या दिवशीच संस्था, दिग्दर्शक आणि लेखक यांनी एका कागदावर सह्या कराव्यात : नाव कोणी, कसं काढून घ्यायचं, खर्च कसा फेडायचा, आणि मतभेद झाल्यास प्रयोग पुढे नेण्याचा पहिला हक्क, लेखकाच्या संमतीने, तो बसवणाऱ्या संचाचा. सायखेडकर नाट्यगृहात किंवा कालिदास कलामंदिरात तिसरी घंटा झाल्यावर पडदा उघडलाच नाही, तर बाहेर कोणाची बाजू खरी होती याने खुर्चीतल्या रसिकाला काय फरक पडतो?

– नाशिकचे काही नाट्यरसिक